खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो

(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं)

प्रश्न : मी ६६ वर्षांचा आहे. रोज सकाळी पाऊण तास चालतो, त्यात खंड नाही. पंधरा वर्षांत वजन किलोभरही वाढलेलं नाही. रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत. तरीही वर्षभरापासून सोफ्यावरून उठताना हात टेकावा लागतो आणि जिना उतरताना कठडा धरल्याशिवाय धीर होत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. खरंच एवढंच आहे का?

उत्तर : नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यातलं ‘वजन तेवढंच आहे’ हे वाक्य मी चाळीस वर्षं तपासणीच्या खोलीत ऐकत आले आहे. काटा वजन सांगतो, ते कशाचं आहे हे सांगत नाही. चाळिशीच्या आसपास स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि त्यांची जागा चरबी घेते. काटा जागचा हलत नाही, मांडी मात्र आतून बदललेली असते. शिवाय ताकद ही स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर घटते. या झिजेला स्वतःचं नाव मिळालं ते १९८९ साली. अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी ‘मांस’ आणि ‘उणीव’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘सार्कोपेनिया’ हा शब्द केला. नाव मिळालं याचं मला फार मोल वाटतं. ‘वय झालं’ म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं. आजाराला नाव असलं की उपाय शोधले जातात.

वयाबरोबर सगळे स्नायुतंतू सारखे झिजत नाहीत. झटक्यात जोर लावणारे तंतू आधी जातात. खुर्चीतून उठायला तेच लागतात, आणि पाय अडखळला की तोल सावरायलाही तेच. जिना चढण्यापेक्षा उतरताना भीती वाटते, त्यालाही कारण आहे. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जात असतानाच सगळा भार पेलून धरावा लागतो. तो कमी पडला की गुडघा आपलं ऐकत नाही असं वाटतं.

चालणं सोडू नका. हृदय, रक्तदाब, साखर, झोप, सगळ्यांसाठी ते उत्तम आहे. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीवर इतका कमी भार येतो की तिला बळकट होण्याचं कारणच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस बघा. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम तर हवाच, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि ६५ नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. पहिला भाग तुम्ही चोख करता. उरलेले दोन सुरू करायचे आहेत.

हात नसलेली, न डगमगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून उभे राहा आणि मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली बसा. हे बसणं महत्त्वाचं, धप्पकन बसलात तर निम्मा फायदा गेला. सुरुवातीला आठ वेळा जमलं तरी पुरे. एक दिवसाआड करा. बारा वेळा सहज जमायला लागलं की छातीशी किलोभर वजनाची पिशवी धरा आणि पुढे वजन थोडं थोडं वाढवा. वाढवणं टाळू नका, तोच भार वर्षभर ठेवला तर ताकद तिथेच थांबते. मग टेबलाला हात लावून टाचा उचला, आणि शेवटी टेबलाजवळच एका पायावर दहा सेकंद उभे राहा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते चालेल. सांधा सुजला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांबून डॉक्टरांना भेटा. अशक्तपणा काही आठवड्यांतच आला असेल, एकाच बाजूला असेल किंवा वजन उतरत असेल, तर व्यायाम नंतर, तपासणी आधी.

आणि जेवण. उतारवयात दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. डाळी, दूध, दही, अंडी, मासे, जे चालत असेल ते तिन्ही जेवणांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : माझे बाबा ७८ वर्षांचे. न्यूमोनियामुळे अकरा दिवस रुग्णालयात होते. त्याआधी स्वतःचं सगळं स्वतः करायचे, आता बाथरूमपर्यंतही एकटे जाऊ शकत नाहीत. आम्ही पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली आहे, भरवतो, कपडे घालतो. आई म्हणते, आता त्यांना कसला त्रास द्यायचा नाही. त्यांचे पाय परत येतील का?

उत्तर : येतील, अशी मला खूप आशा आहे. मात्र तुम्ही जी काळजी इतक्या मायेने घेत आहात, तिच्यातली थोडी कमी करावी लागेल.

चार वर्षांपूर्वी, ६७ व्या वर्षी, माझा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. ते काढलं त्या दिवशी मी शिवणाची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. एक ३४ सेंटिमीटर, दुसरी साडेतीस. हे होणार हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, रुग्णांना सांगतही आले होते. तरी ती टेप हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. एकाच माणसाचे दोन पाय, वय एकच. मग पातळ झालेल्या पायाला काय झालं होतं? तो वापरला गेला नव्हता. पोटरी पुन्हा ३३ वर यायला मला पाच महिने लागले.

२००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं होतं. दहाच दिवसांत त्यांच्या पायांतलं चरबी सोडून उरणारं वजन सरासरी एक किलोच्या जवळपास घटलं. ती माणसं धडधाकट होती. तुमच्या बाबांना ताप होता, संसर्ग होता, अन्न जात नव्हतं. त्या अकरा दिवसांत त्यांचं वय अकराच दिवसांनी वाढलं. बाकी सगळं पलंगाने नेलं.

आता दुसरी बाजू. १९९० साली बॉस्टनमध्ये संशोधक मारिया फियातारोने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. हलका नाही, चांगला जोर लागेल असा. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांनी चालताना काठी घेणं सोडलं. हा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रुग्णांचे चेहरे आठवले, ज्यांच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने ‘संपूर्ण विश्रांती’ लिहिलं होतं. चांगल्या हेतूने लिहिलं होतं. त्यातले काही पुन्हा उठले नाहीत. म्हणून तुम्हाला इतकं कळकळीने लिहिते आहे.

आधी त्यांच्या डॉक्टरांकडून हालचालीला हरकत नाही याची खात्री करून घ्या, आणि शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. मग उद्यापासून बाबांना जेवायला पलंगावर नाही, खुर्चीत बसवा. घास त्यांनी स्वतः घ्यावा, सांडलं तर सांडू दे. शर्टाची बटणं त्यांची त्यांना लावू दे, दहा मिनिटं लागली तरी. कमोडची खुर्ची रात्रीपुरती ठेवा. दिवसा तुमचा आधार घेऊन बाथरूमपर्यंत जायचं. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा म्हणजे उठणं सोपं पडेल. सकाळी तीनदा, संध्याकाळी तीनदा, मग पाच. उशी हळूहळू पातळ करत जा. बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आईंना माझा निरोप सांगा. त्या बाबांना जपतच आहेत. पण ‘थांबा, मी करते’ याऐवजी ‘मी शेजारी उभी आहे, तुम्ही उठा’ असं म्हणून बघा. म्हणताना हात मात्र खरंच जवळ ठेवा.

प्रश्न : वय ६२. रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं म्हणून दुपारी चारनंतर पाणी बंद केलं. आता सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. काय करू?

उत्तर : पाणी सुरू करा. वयाबरोबर मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची क्षमता कमी होते आणि तहानेची जाणीवही बोथट होते. त्यामुळे शरीर कोरडं पडलं तरी आपल्याला कळत नाही. जास्त पाणी सकाळ-दुपारी प्या, संध्याकाळी थोडं, झोपण्याआधीचे दोन तास घोटभरच. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं, म्हणून संध्याकाळी अर्धा तास पाय उंच ठेवून बसलं तर बऱ्याच जणींना फरक पडतो. साखर तपासून घ्या. घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

अंधारी हलक्यात घेऊ नका. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार हवा. तो डॉक्टरांनी करायचा, गोळी स्वतः बंद करू नका. तोवर रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पाय हलवा, मग उभ्या राहा. वाटेत दिवा असू दे.

प्रश्न : वय ७२. हल्ली सगळे पुटपुटतात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मुलगा कानाच्या यंत्राचा आग्रह धरतो, पण ते लावलं की मी खरोखर म्हातारा झालो असं वाटेल.

उत्तर : ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ ही तक्रार अगदी अचूक आहे. वयाने आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते पोचतात. स, त, ठ, फ ही व्यंजनं हरवतात. मग ‘सात’ म्हटलं की ‘साठ’ यात फरक उरत नाही. लोक पुटपुटत नाहीत. ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० आणि २०२४ च्या अहवालांत स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये श्रवणदोष धरला आहे. माणूस बोलण्यातून हळूहळू बाजूला होतो, हेही मी पाहिलं आहे, आणि ते मला फार लागतं.

कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळ निघतो. यंत्र मिळालं तर पहिले काही दिवस घरात, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना तासभर लावा. कागदाची सळसळ आणि स्वतःची पावलं मोठ्याने ऐकू येतील. बऱ्याच वर्षांनी ते आवाज मेंदूकडे परत येत असतात आणि त्याला काही आठवडे लागतात. त्या काळात यंत्र कपाटात ठेवून देऊ नका. त्रास होत असेल तर ज्यांनी बसवलं त्यांच्याकडे जाऊन आवाज पुन्हा जुळवून घ्या, दोनदा जावं लागलं तरी.