आजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतली जुनी पत्रं सापडलीत, लॅमिनेट करून ठेवू का?

अजिबात नको! लॅमिनेशन म्हणजे कागद गरम प्लास्टिकमध्ये कायमचा चिकटवणं, नंतर कागद न फाडता ते निघत नाही. सेलोटेपही नको. आमच्याकडे काकांनी १९७०च्या आसपास एका पत्राच्या घडीवर टेप लावली होती, आता टेप गळून पडलीय आणि तिथं तपकिरी पट्टा उरलाय, नेमका पत्रातल्या सालाच्या आकड्यावरच.

आधी बघा शाई कोणती आहे. जुनी मोडी पत्रं बहुतेक काजळाच्या शाईची असतात, ती उन्हानं फिकी पडत नाही पण पाणी लागलं की पसरते, म्हणून ओलं फडकं वगैरे चुकूनही नको, मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडा, टाचण्या हळूच काढा (गंजून कागद खातात), घड्या उघडा, जबरदस्ती मात्र नको. मग अॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) कागदात ठेवा, नाहीतर धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या सुती कापडात. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असायचे ते काय उगाच नाही. पावसाळ्यात माळ्यावर ठेवू नका, कसर लागते.

आणि ज्या क्रमानं सापडलीत तो क्रम मोडू नका, पाकिटंसुद्धा टाकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का म्हणजे तारीख आहे ना राव.

पुण्यात असाल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन विचारा, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१०मध्ये काढलेलं. पत्रं द्यायची ठरलीच तर आधी सगळ्यांचे फोटो काढा आणि यादी करून पोच घ्या.