खळ्यात जाऊन बसायचं

‘दुसऱ्याच्या मरणावर मी जगतोय, त्याच्या घरच्यांना तोंड कसं दाखवू?’ अवयव प्रत्यारोपण झालेल्या माणसांकडून हा प्रश्न मी निरनिराळ्या शब्दांत ऐकत आले आहे. ऑपरेशन झाल्या झाल्या तो सहसा पडत नाही. तेव्हा टाके, तपासण्या आणि गोळ्यांतच जीव अडकलेला असतो. वर्ष-दोन वर्षांनी तब्येत सावरली की रात्री उशाशी येऊन बसतो.

मालवणच्या बाजूचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, जुलैत माझ्याकडे आले. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) साडेतीन वर्षं डायलिसिस, मग एका रात्री मुंबईहून फोन, आणि मेंदूमृत दात्याची किडनी. दोन वर्षं ती छान काम करत होती. ते तपासणीला जातात त्या हॉस्पिटलच्या आवारात दात्यांच्या स्मरणार्थ बाग केली होती. 3 ऑगस्टला, अवयवदान दिनाला, दात्यांच्या कुटुंबीयांसोबत तिथे झाडं लावायचं बोलावणं त्यांना आलं होतं.

“माका थंय जावचा आसा ताई, पण पाय उचलत नाय.”

बोलता बोलता त्यांच्या मोबाइलवर दहाचा गजर वाजला. त्यांनी खिशातून डबी काढली, खुर्चीतच माझ्याकडे पाठ केली आणि गोळी घेतली. घरीही असंच करता का, असं मी विचारलं. हो म्हणाले. बायको-मुलांसमोरसुद्धा घेत नाहीत, चोरून खाल्ल्यासारखं वाटतं.

मग हळूच आतलं बाहेर आलं. “मी फोनची वाट बघीत होतंय. म्हणजे कोणतरी मरूचीच वाट ना ती?”

अशा वेळी ‘असलं काही मनात आणू नका’ म्हणून मोकळं होता येतं. मी ते म्हणत नाही. त्याने माणसाचा विचार थांबत नाही, बोलणं तेवढं थांबतं. शिवाय या शंकेला खरं उत्तर आहे, ते नीट सांगितलंच पाहिजे. 1994 च्या कायद्याप्रमाणे मेंदू मृत झाला की नाही, हे चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, तेही किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासून. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. त्यानंतर घरच्यांची संमती. तुमचं नाव यादीत असतं किंवा नसतं, तो माणूस गेलेलाच होता. तुम्ही वाट बघितलीत म्हणून त्याचा एक श्वासही कमी झाला नाही.

तांडेलांनी हे मला पुन्हा सांगायला लावलं आणि बोटांवर मोजलं. चार डॉक्टर. सहा तास. दोनदा.

पटलं, पण पाय अजून जडच. “थंय तेंका मी सांगू काय?”

मलाही चटकन काही सुचेना. मी समुद्राकडे वळले. कधी वादळात शेजारची होडी गेली आणि तुमची परत आली, असं झालंय? बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. झालं होतं, ऐन तरुणपणी.

“मग त्यांच्या घरी गेलात?”

“जावक नको? त्याच रात्री गेलंय.”

“काय बोललात?”

“काय बोलतलंय? खळ्यात जावन बसलंय.”

खळ्यात, म्हणजे त्यांच्या घरापुढच्या अंगणात. एवढं म्हणाले आणि स्वतःच थांबले. पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही.

दोन गोष्टी मात्र मी बजावल्या. दाता आणि घेणारा यांची नावं एकमेकांना कळू न देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तेव्हा ‘हीच का ती आई’ म्हणून चेहरे शोधत बसू नका. आणि मातीत हात घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना ओल्या मातीतली बुरशी बाधू शकते, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचीही भीती. (चतुर्थी जवळ आली की आणखी एक सांगते. माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, बांधलेलं पपनस नुसतं बघायचं, खायचं नाही. त्याने टॅक्रोलिमसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या एका औषधाचं, रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.)

3 ऑगस्टला मी सोबत गेले. पावसाची रिपरिप चालू होती. मास्क आणि हातमोजे घातलेले तांडेल बकुळीच्या एका रोपाजवळ उभे राहिले. पलीकडे साठीच्या एक बाई होत्या. त्यांच्या मुलाचे अवयव दान केलेले. ते कोणाला गेले, त्यांना माहीत नव्हतं. दोघंही काही बोलेनात. मग बाईंचं लक्ष हातमोज्यांकडे गेलं. मातीला हात लावायची मनाई आहे, असं तांडेलांनी सांगितलं.

“मग तू खाली बसू नको. ही छत्री धर.”

बाई चिखलात बसल्या. पिशवी फाडून त्यांनी रोप खड्ड्यात ठेवलं आणि बोटांनी माती दाबत राहिल्या. तांडेल त्यांच्यावर छत्री धरून उभे होते. तेवढ्यात दहाचा गजर वाजला. बाईंनी मान वर करून बघितलं, पदराला हात पुसले, उठून छत्री आपल्याकडे घेतली आणि त्यांची गोळी घेऊन होईपर्यंत त्यांच्या डोक्यावर धरली. तांडेल त्यांच्याकडे तोंड करूनच उभे होते.