वाचक विचारतात : जुन्या जीपची उंची आणि सुटे भाग

प्रश्न : माझ्याकडे महिंद्राची सीजे-३बी आहे. घराची वाट सड्यावरून जाते आणि मागच्या डिफ्रन्शिअलचा गोळा (दोन चाकांमधली दात्यांची पेटी) कातळाला घासतो. चार इंच लिफ्ट करायची आहे. पिकअपला घालतात ते ब्लॉक (ठोकळे) घालून स्वस्तात काम होईल, असं गॅरेजवाले म्हणतात. घालू का? (राजापूर)

उत्तर : नको. पिकअपच्या मागच्या एक्सलवर (दोन चाकांमधल्या आडव्या दांड्यावर) पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वरून बसलेले असतात, म्हणून मधे ब्लॉक सरकवला की गाडी उचलली जाते. तुमच्या जीपचे पाटे एक्सलच्या खाली आहेत. तोच ब्लॉक इथे घातला तर गाडी ब्लॉकच्या जाडीइतकी खाली बसेल!

शिवाय तुमचं दुखणं लिफ्टने बरं होणारं नाही. गोळा एक्सलचाच भाग. पाटे बदलून चेसिस वर जाते, एक्सल जमिनीपासून होता तिथेच राहतो. गोळ्याखालची जागा वाढते ती फक्त टायरने, आणि तीही व्यासातल्या वाढीच्या निम्मी. ६.००-१६ मापाचे टायर काढून ७.००-१६ घातले तर व्यास सुमारे दोन इंचांनी वाढतो, म्हणजे गोळ्याखाली एक इंच मिळतो. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर पाट्याला लागतो का ते पाहा. लागत असेल तर चाकाचं वळण रोखणारा स्टॉप बोल्ट थोडा बाहेर घ्या. स्पीडोमीटर सुमारे सात टक्के कमी दाखवू लागेल.

त्याआधी गाडी मूळ उंचीवर तरी आहे का, ते तपासा. सपाट लादीवर उभी करून चारही टायरमध्ये नेमून दिलेली हवा भरा आणि प्रत्येक हबच्या मध्यापासून सरळ वर चेसिसपर्यंत माप घ्या. डाव्या-उजव्यात अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल, किंवा पाटे सरळ पट्टीसारखे झाले असतील, तर ते दमले आहेत. दमलेले पाटे नीट केले की पुष्कळांची लिफ्टची हौस तिथेच फिटते.

पाट्याला नुसता तापवून बाक देणाऱ्याकडे काम देऊ नका. तापवल्यावर तेलात विझवून पुन्हा टेम्पर केलं, म्हणजे पोलादाला नीट पाणी दिलं, तरच कमान टिकते. नाहीतर एका पावसाळ्यात गाडी पुन्हा बसते. जादा पाटा घालायचा मोहही आवरा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ६ मिमीच्या जागी ७ मिमीचा पाटा दीडपटीहून अधिक ताठ असतो. हलकी जीप मग खड्ड्यात दबण्याऐवजी उडते.

एवढं करूनही उंची हवीच असेल तर दोन इंचांवर थांबा, आणि ती जास्त कमानीच्या पाट्यांनीच मिळवा. या जीपचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे इंजिनाकडून मागच्या एक्सलला जोर देणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड. त्यामुळे थोड्या उंचीनेही क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) कोन झपाट्याने वाढतो, गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. चार इंचांसाठी शाफ्ट, पिनियनचा (गोळ्यात शाफ्ट जोडला जातो त्या छोट्या दातेरी चाकाचा) कोन, स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (चाकं वळवणारा दांडा), सगळंच बदलावं लागतं. दोन इंचांनाही शॉकअप लांब लागतात. चेसिस घोडीवर ठेवून चाकं लोंबू द्या आणि शॉकअपच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. नवा शॉकअप पूर्ण उघडल्यावर त्याहून थोडा लांब हवा. बंद लांबी मात्र एक्सल बंप रबरला टेकल्यावरच्या अंतरापेक्षा कमी असावी, नाहीतर शॉकअपच आदळून फुटतो. चाक लोंबत असतानाच स्टिअरिंग फिरवून ब्रेकचा रबरी होज ताणला जातोय का तेही बघा.

प्रश्न : पुढचे शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे झुलते दुवे) लांब करून घेतल्यापासून गाडी रस्त्यावर भरकटते. अलाइनमेंट दोनदा केली, फरक नाही. (देवगड)

उत्तर : टो (पुढच्या चाकांची आत-बाहेर दिशा) कितीही जुळवला तरी फरक पडणार नाही, कारण बिघडलाय तो कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल. या जीपचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब झाले की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे कलंडतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही. दोन इंच लांब शॅकलने उंची मिळते फक्त एक इंच. हा सौदा परवडत नाही. मूळ शॅकल परत लावा. लांबच ठेवायचे असतील तर पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये दोन ते चार अंशांची पोलादी पाचर घाला, जाड बाजू पुढे. ॲल्युमिनियमची पाचर तडकते. पाचरीमुळे पुढचा पिनियन खाली झुकतो, म्हणून फोर-व्हील घालून हळू चालवून आवाज ऐका. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्टही तेवढा लांब घ्या. त्याचं डोकं बैठकीच्या भोकात बसलं नाही तर एक्सल सरकतो.

पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका. नवे आडव्या-तिरक्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळा आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर बुश पिळून फाटतात.

प्रश्न : पाटे, क्रॉस, शॅकल कुठे मिळतील? (गुहागर)

उत्तर : आधी मापं घ्या, मग दुकान शोधा. ‘जीपचा पाटा द्या’ म्हटलं की समोर असेल तो हातात पडतो. सीजे-३बीच्या पाट्याची रुंदी पावणेदोन इंच. सेंटर बोल्टपासून दोन्ही डोळ्यांपर्यंतची (टोकांच्या भोकांपर्यंतची) लांबी वेगवेगळी मोजून लिहून न्या. क्रॉससाठी टोपीचा व्यास आणि टोपीपासून टोपीपर्यंतचं अंतर व्हर्नियरने घ्या. विलीस (मूळ अमेरिकी जीप) घराण्यातल्या जुन्या गाड्यांत आट्यांचे यू-शॅकल असतात आणि त्यातले काही डाव्या आट्यांचे. जोर लावून उलटं फिरवलं तर आटे जातात.

वापरलेल्या भागांसाठी मुंबईत कुर्ला आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार बघावा, लेथकामाला कोल्हापूरचं उद्यमनगर. जीपवाल्यांत हरियाणातल्या मंडी डबवालीचंही नाव चालतं, पण तिथून माल मागवताना मोजपट्टी धरलेला फोटो मागा. खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचा पाटा स्वस्त मिळाला तरी मेन पाट्याचा डोळा आणि सेंटर बोल्टचं भोक तारेच्या ब्रशने घासून बघा. तडा तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : लिफ्ट केली तर आरटीओत अडचण येईल का? गाडी ५० वर्षांहून जुनी आहे. (अलिबाग)

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावीच लागते. २०२१च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर गाडी मूळ रूपातच लागते, आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रोज अलिबाग-पेण करायचं असेल तर साधीच नोंदणी ठेवा, आणि मूळ पाटे, शॅकल ग्रीस लावून माळ्यावर जपून ठेवा.