लहान मुलांच्या सेवेला स्टार लावू नका

तुम्ही विचारलंय की पहिली-दुसरीसाठी समाजसेवेचा तास सुरू होतोय, तर एवढ्या लहान मुलांना त्यातून करुणा शिकवता येईल का, कोणते उपक्रम घ्यावेत आणि उत्साह टिकावा म्हणून बक्षीस ठेवावं का. शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. बक्षीस ठेवू नका. अजिबात नको.

मी बरीच वर्षं दुसरीला शिकवलं. एका वर्षी आम्ही वर्गाला दर पंधरा दिवसांनी वृद्धाश्रमात नेत होतो. पहिल्या दोन भेटींत सगळीकडे होतं तेच झालं. मुलांनी रांगेत उभं राहून गाणी म्हटली, फुलं दिली, फोटो काढून झाले की परत. कुणी कुणाशी धड बोललंही नाही. तिसऱ्या भेटीला मी गाणी बंद केली, प्रत्येक आजी-आजोबांजवळ दोन-दोन मुलं बसवली आणि म्हटलं, नुसतं बसा.

एक मुलगा वर्गात अगदी गप्प असायचा. तो ज्या आजींपाशी बसला होता त्या उशीचा अभ्रा शिवत होत्या आणि सुईत दोरा काही जाईना. टोक ओलं करायच्या, पिळायच्या, डोळ्यांपाशी न्यायच्या, पुन्हा हुकायचं. त्यानं बराच वेळ बघितलं, मग काही न बोलता हात पुढे केला आणि दोरा ओवून दिला. आजी म्हणाल्या, "हा संपला की पुन्हा पंचाईत." त्यावर त्यानं डबीतल्या सगळ्या सुया मागून घेतल्या. सात होत्या. प्रत्येकीत हातभर दोरा ओवून त्या कापडाच्या तुकड्यावर ओळीनं टोचून ठेवल्या आणि विचारलं, "आम्ही परत येईपर्यंत पुरतील ना?"

हे मी शिकवलेलं नव्हतं. मी फक्त त्याला तिथे बसायला वेळ दिला होता.

मी ही गोष्ट कौतुकानं मुख्याध्यापिकांना सांगितली. आठवड्याभरात सेवा-कार्ड छापून आलं. एका मदतीला एक स्टार, पाच स्टार झाले की बॅज. पुढच्या भेटीत मुलं आजी-आजोबांकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघत होती. "बाई, हे धरणार का?" एका आजोबांची काठी उचलून द्यायला दोघं भांडले. आणि माझा सुईवाला? त्यानं पाच सुया ओवल्या आणि उठला. कार्ड भरलं होतं. दोन सुया डबीत तशाच राहिल्या.

मी बैठकीत विषय काढला. उत्तर मिळालं, "बाई, या वयात काही मिळाल्याशिवाय मुलं करत नाहीत. आतून येणं वगैरे नंतरचं." तेव्हा मला बोलता आलं नाही. आज येतं. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टॉमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवलं की 18 महिन्यांची मुलंसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू आपणहून उचलून देतात, त्याचे हात भरलेले असले तर कपाटाचं दार उघडून देतात. काही मिळणार नसतानाही. याच दोघांनी 2008 मध्ये 20 महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला. ज्यांना मदतीबद्दल वस्तू मिळाली, ती बक्षीस थांबल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करायला लागली. म्हणजे ते "आतून येणं" आधीपासून असतं. आपण त्यावर भाव लावतो आणि ते जातं. माझ्या डोळ्यांसमोर एका पंधरवड्यात गेलं.

उपक्रमांचं म्हणाल तर थोडक्यात सांगते. वर्षभर एकच जागा, तीच माणसं. दर महिन्याला नवी संस्था नको. काम असं हवं की ते न केल्यास कुणाचं तरी अडेल आणि सात वर्षांच्या हातांना ते जमेल: मोठ्यानं वाचून दाखवणं, रोपांना पाणी घालणं, शाळेतच बालवाडीच्या मुलांना बूट घालायला मदत करणं. परत आल्यावर "आज काय शिकलात?" विचारू नका, त्यावर पाठ केलेलं उत्तर येतं. "त्यांना आज काय जड जात होतं?" असं विचारा. फोटो नकोत. आजी-आजोबांना आधी विचारा, काहींना मुलांचा गलका सोसत नाही. सुया-कात्री असेल तिथे मोठं माणूस शेजारी हवं, हे मी तेव्हा पुरेसं पाळलं नव्हतं.

आणि हो, तोंडी शाबासकी द्यायला हरकत नाही. त्या 2008 च्या प्रयोगात नुसतं कौतुक झालेली मुलं मागे पडली नव्हती. मोठ्या वर्गांना कार्डाचा काही उपयोग होत असेल तर मला माहीत नाही, मी दुसरीपुरतं बोलतेय. एखादं मूल घाबरून कोपऱ्यात बसलं तर बसू द्या. ओढून नेऊ नका. सुईवाला मुलगाही पहिल्या दोन भेटींत दारापाशीच उभा होता.