मनिलाहून दोन दिवसांत बुस्कालान आणि हातभर टॅटू? नाही जमणार

शनिवारी मनिलाहून निघून हाताने ठोकून पारंपरिक गोंदण करणाऱ्या प्रसिद्ध वांग-ओड आजींकडून कोपरापर्यंत टॅटू काढून घ्यायचा आणि रविवारी रात्री परत, असा प्लॅन विचारलायस, तर सरळच सांगते, विसर. त्यांचं गाव बुस्कालान आहे फिलिपीन्सच्या कलिंगा प्रांतात, लुझोन बेटाच्या डोंगरात पार आत. मनिलाहून बोंतोकपर्यंत रात्रभराची बस, 10-12 तास धरूनच चाल, मग सकाळी टिंगलायानकडे जाणारी जीपनी, म्हणजे तिकडची प्रवासी जीप, आणि गाडीरस्ता संपला की पुढे पायी, चढ आहे, त्यामुळे ट्रॉली बॅग अजिबात नको. पावसाळ्यात दरडी पडून रस्ता बंद होतो तो वेगळाच ताप. गावात निदान दोन मुक्काम ठेव.

आता आजी. जन्म 1917 चा, बाई! एप्रिल 2023 मध्ये वयाच्या 106 व्या वर्षी व्होग फिलिपीन्स मासिकाच्या कव्हरवर झळकल्या. हल्ली त्या फक्त तीन ठिपके काढतात, ती त्यांची सही. मोठं डिझाइन हवं असेल तर ग्रेस आणि एल्यांग, त्यांच्या भावंडांकडच्या नाती, किंवा गावातल्या बाकी पोरींकडे बसायचं, आणि मला विचारशील तर तेच करावं, कारण ही कला पुढे चालवणाऱ्या त्याच आहेत. नुसत्या ठिपक्यांसाठी रांग लावून फोटो काढून पळणारे बघितले की डोकं फिरतं माझं.

मशीन नाही हं. पोमेलोच्या, म्हणजे पपनसाच्या झाडाचा काटा बांबूच्या काडीला आडवा खोचतात, काजळीत पाणी कालवून शाई आणि दुसऱ्या काडीने टकटक टकटक ठोकत राहतात. दुखतं, हाडाजवळ तर जास्तच. काटा नवा, समोर खोचलेला बघूनच बस, लाजू नकोस. पूर्वी पुरुषांना हे गोंदण लढाईत पराक्रम केल्यावर मिळायचं, बायकांचं मात्र सौंदर्यासाठी, म्हणजे आपल्या पणजीच्या हातावर असायचं तसंच काहीसं. म्हणून डिझाइनचा अर्थ विचारून घे, पिंटरेस्टवरचं ड्रॅगन दाखवू नकोस प्लीज.

लोकल गाइड घ्यावाच लागतो. पैसे रोख ने, गावात एटीएम नाही. राहायचं घरातच, भात-भाजी साधी पण कॉफी एक नंबर. आणि नंतर बोराकाय बेटावर जाऊन समुद्रात डुंबायचा विचार असेल तर आधी बोराकाय उरकून घे, ताजा टॅटू खाऱ्या पाण्यात आणि उन्हात न्यायचा नाही.