बचत गटात दोन सभासदांमध्ये कर्जावरून भांडण पेटलंय, गट मोडायची भाषा सुरू आहे. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) फील्डवर्कमध्ये मी मध्यस्थी कशी करू?

तुमच्या प्रश्नात भांडण आहे, आकडा एकही नाही. आधी आकडे काढा. ‘तिनं पैसे खाल्ले’ या आरोपामागे बऱ्याचदा व्याजाचा हिशेब असतो. उदाहरणार्थ, 10,000 रुपये कर्ज, शेकडा 2 रुपये महिना, 10 हप्ते. व्याज दरमहा मूळ रकमेवर धरलं तर एकूण 2,000 होतात. शिल्लक मुद्दलावर धरलं तर 200, 180, 160 असं उतरत जाऊन 1,100. म्हणजे 900 रुपयांचा फरक, आणि दोघीही आपापल्या जागी खऱ्या! म्हणून सभासदाचं पासबुक, कर्ज खातेवही आणि कर्ज मंजूर झालं त्या दिवशीचा ठराव ही तिन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. ठरावात व्याजाची पद्धत लिहिलेलीच नसेल, तर भांडणाचं मूळ सापडलं.

बैठकीआधी दोघींना वेगवेगळं भेटा, जमल्यास एकाच दिवशी. एकीकडे चहा घेऊन दुसरीच्या दारातून उभ्या उभ्या परत आलात तर संध्याकाळपर्यंत गावात तुमची बाजू ठरलेली असते. ‘पैशाचं काय झालं’ यासोबत ‘तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागलं’ हेही विचारा. सगळ्यांसमोर ‘थकबाकीदार’ म्हटलं गेलं, हे दुखणं हप्त्यापेक्षा खोल असू शकतं. भावकीतला बांधाचा वाद किंवा ग्रामपंचायतीची निवडणूकही इथेच बाहेर येते. ते सोडवायला जाऊ नका, फक्त ओळखून असा.

बैठक अध्यक्षांच्या घरी नको. अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात घ्या. खातेवही तिसऱ्याच सभासदाने मोठ्याने वाचावी. एक बोलताना दुसरीने मध्ये बोलायचं नाही, आणि घरच्यांचा उद्धार करायचा नाही, हे सुरुवातीलाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. आवाज चढले तर दहा मिनिटं थांबवा. निकाल मात्र तुम्ही देऊ नका. तुमचं फील्डवर्क संपेल, गट त्यांनाच चालवायचाय.

नवशिक्यांकडून सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ‘जाऊ द्या ताई, मिटवून टाका’ या वाक्याने. हिशेब न लागता हात जोडले गेले, की जिची बाजू कमकुवत ती गप्प बसते आणि पुढे बैठकीला येणंच सोडते. ठरलेलं इतिवृत्तात लिहून घ्या: किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, व्याज कसं, पासबुकात नोंद कोण करणार. खाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे. पुढच्या बैठकीचा पहिला विषय हाच ठेवा. गटाला स्वतःला जमत नसेल तर ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडे न्या. पण गटाच्या ठरावाने, तुमच्या फोनने नव्हे.

एक गोष्ट या सगळ्याच्या बाहेरची आहे. नवऱ्याने मारून कर्जाचे पैसे काढून घेतले, म्हणून हप्ता थकलाय, असं वेगळ्या भेटीत कळलं, तर तो गटातला वाद उरत नाही. तिथे मध्यस्थी नाही, समोरासमोर बसवणं तर मुळीच नाही. तिच्या संमतीशिवाय ते बैठकीत उच्चारू नका. तिला 181 ही महिला हेल्पलाइन आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांची माहिती द्या आणि त्याच दिवशी तुमच्या पर्यवेक्षकांशी बोला. हप्त्याला मुदतवाढ हवी, एवढंच गटापुढे मांडता येतं.