गावच्या तलावात पाणी तपासणारा सेन्सर बसवला तर मासे मरायचे थांबतील का?

बसवा भाऊ, पण विकणाऱ्याला आधी एवढं विचारा, दर आठवड्याला तो पुसायला कोण येणार?

आमचा मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला) गोंदिया जिल्ह्यातला. आमची सोसायटी त्यात रोहू-कतल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडते. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री तोच ओढून घेतं. म्हणून ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. त्यात श्रावणात चार दिवस आभाळ भरून राहिलं, की दिवसाची भरच पडत नाही. पूर्वी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले की कळायचं, तोवर निम्मा खेळ आटोपलेला. आता ऑक्सिजन लिटरला 3 मिलिग्रॅमच्या खाली आला की मोबाइल वाजतो. मग इंजन लावून तलावाचंच पाणी उंचावरून परत तलावात फेकायचं. एवढं मात्र खरंच कामाचं आहे.

पण दुसऱ्याच महिन्यात सलग तीन रात्री मोबाइल वाजला. पहाटे पावणेचारला बॅटरी घेऊन तलावाच्या बांधावर, डिझेल जाळलं, आणि मासे आपले मजेत. चौथ्या दिवशी डोंग्यातून जाऊन सेन्सर वर काढला. टोकाच्या चकतीवर हिरवा बुळबुळीत थर, साफ करायचा ब्रश शेवाळाच्या धाग्यात अडकलेला. तो थरच रात्री ऑक्सिजन पीत होता आणि सेन्सर त्याचाच आकडा सांगत होता! जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यानं हलकेच पुसला, तर 2.1 चे 5.4 झाले. बसवून देणारा म्हणाला होता, याला हात लावावा लागत नाही. असो. आता दर सोमवारी एकाची पाळी असते.

नदीचं विचाराल, तर पुलाखाली टांगलेला रडार सेन्सर पाण्याला शिवतच नाही, त्यामुळे ही कटकट नाही. तो फक्त पातळी मोजतो. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर आला तो मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सुटलेल्या पाण्यानं. म्हणून सेन्सर आपल्या घाटावर बसवून भागत नाही, वरच्या अंगाचा आकडा वेळेत मिळायला हवा.

आणि फवारणीचं औषध या सेन्सरला दिसत नाही. तापमान, सामू (pH), ऑक्सिजन, गढूळपणा, क्षार, बस. धानावर तुडतुड्याची फवारणी झाली आणि मागून पाऊस आला, की आम्ही अजूनही नाल्याच्या तोंडाशी जाऊन आधी बारके मासे बघतो.